शिकताना फसलेल्या क्विल्ट-ब्लॉकांचे काय करावे?

पॅचवर्क शिकू लागलेल्या प्रत्येकाच्या कपाटात काही महिन्यांतच फसलेल्या ब्लॉकांचा, म्हणजे क्विल्टसाठी कापडाचे तुकडे जोडून केलेल्या चौकोनांचा, एक ढीग तयार होतो. कुठे चार कोपरे एका बिंदूत मिळालेले नसतात, कुठे चांदणीच्या नमुन्याचे टोक शिलाईत गडप झालेले असते, तर कुठे साडेबारा इंचांचा यायला हवा होता तो ब्लॉक जेमतेम १२ इंच भरतो. हे ब्लॉक ठरवलेल्या क्विल्टमध्ये बसत नाहीत आणि त्यांत गेलेले कापड व श्रम पाहता ते टाकवतही नाहीत. अशा ब्लॉकांचा उपयोग टप्प्याटप्प्याने कसा ठरवावा, हे या लेखात सांगितले आहे. माझ्या मते यातली मुख्य गोष्ट अशी, की ब्लॉक कुठे वापरायचा हे त्याच्यातल्या दोषाच्या प्रकारावरून ठरवावे. मापात चुकलेला ब्लॉक, तिरका झालेला ब्लॉक आणि रंग सोडणारे कापड लागलेला ब्लॉक हे तिन्ही फसलेलेच असले, तरी तिघांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

आपल्याकडच्या गोधडीला किंवा वाकळीला मापाचा हा जाच नसतो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर हाताला येतील तशी ठिगळे मांडायची आणि काठापासून आत धावदोरा घालत जायचे, या पद्धतीत एखादे ठिगळ अर्धा इंच लहान निघाले, तर शेजारचे त्याच्यावर थोडे सरकवले की काम भागते. ब्लॉकच्या पद्धतीत मात्र सारख्या मापाचे चौकोन आधी स्वतंत्रपणे जोडून ठेवायचे असतात आणि नंतर ते ओळीने एकमेकांना शिवायचे असतात, त्यामुळे एका ब्लॉकमधली चूक पुढच्या सगळ्या ओळीत पसरते. फसलेले ब्लॉक वापरात आणण्याचे बहुतेक उपाय म्हणजे ब्लॉकच्या पद्धतीत गोधडीची ही मोकळीक थोडीफार आणणे होय.

आधी इस्त्री, मग माप, मग वर्गवारी

कोणत्याही ब्लॉकबद्दल निर्णय घेण्याआधी त्याला नीट इस्त्री करावी. शिलाईजवळ कापडाची बारीक घडी दबून राहिलेली असते आणि तेवढ्यामुळे ब्लॉक लहान भासतो, असे पुष्कळदा घडते. इस्त्री उचलून उचलून दाबावी, कापडावर ओढू नये, कारण ओढल्याने उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, कडा ताणल्या जातात आणि नसलेला दोष निर्माण होतो.

त्यानंतर प्रत्येक ब्लॉकची पाच मापे घ्यावीत: वरची कड, खालची कड, मध्यातली रुंदी आणि दोन्ही कर्ण. कडा आणि मध्य यांची मापे वेगवेगळी आली, तर आतल्या शिलाया कमी-जास्त झालेल्या आहेत. दोन कर्ण सारखे आले नाहीत, तर ब्लॉक तिरका आहे, मग कडांचे माप कितीही बरोबर असो. ही मापे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी ब्लॉकला टाचणीने लावावी. हे काम कंटाळवाणे वाटते, तरी पुढचे सगळे निर्णय याच चिठ्ठ्यांवरून घ्यायचे असल्याने ते टाळू नये.

मापातली चूक कशी होते, हे एकदा समजून घेतले म्हणजे ढिगातले निम्मे कोडे सुटते. समजा, साडेतीन इंचांचे ९ चौकोन तीन ओळींत जोडून नाइन पॅच नावाचा ब्लॉक केला. पाव इंचाची माया, म्हणजे शिलाईबाहेर राहणारे कापड, धरली, तर तो साडेनऊ इंचांचा यायला हवा. आता प्रत्येक शिलाईत माया फक्त अर्धा सूत जास्त गेली असे धरू (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे एका शिलाईमागे एक सूत कमी होते. ओळीत दोन शिलाया असतात, म्हणून ब्लॉक दोन सूत, म्हणजे पाव इंचाने लहान होऊन सव्वानऊ इंचांचा निघतो. डोळ्यांना न दिसणारी अर्ध्या सुताची चूक ब्लॉकच्या मापात अशी दिसू लागते, आणि लॉग केबिनसारख्या, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जाणाऱ्या, पुष्कळ शिलाया असलेल्या नमुन्यात ती आणखी वाढते. यातून एक दिलासाही मिळतो. एकाच महिन्यात, एकाच मशीनवर शिवलेले ब्लॉक बहुधा सारख्याच प्रमाणात लहान निघालेले असतात, आणि सारखेच चुकलेले ब्लॉक एकमेकांना बिनतक्रार जुळतात.

मापे घेऊन झाली की ब्लॉकांचे चार ढीग करावेत. पहिल्यात फक्त मापाने कमी किंवा जास्त असलेले, दुसऱ्यात तिरके किंवा ताणले गेलेले, तिसऱ्यात माप बरोबर असूनही ज्यांची टोके वा कोपरे जुळलेले नाहीत असे, आणि चौथ्यात ज्यांच्या कापडातच दोष आहे असे. चौथा ढीग ओळखण्यासाठी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून गडद रंगाच्या तुकड्यावर ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. पांढऱ्यावर रंग उतरला, तर तो ब्लॉक चौथ्या ढिगात टाकावा. गडद लाल आणि निळ्या रंगांत, तसेच हाताने छापलेल्या कापडांत ही चाचणी कधीही चुकवू नये. एकाच ब्लॉकमध्ये मलमलीसारखे पातळ आणि पडद्यासारखे जाड कापड एकत्र आलेले असेल, तर तोही याच ढिगात जातो.

उसवावे की नाही

नवशिक्या व्यक्तीला पहिला मोह होतो तो सगळे उसवून पुन्हा शिवण्याचा. माझा सल्ला असा, की चूक एकाच सरळ शिलाईत असेल आणि ती शिलाई उभ्या किंवा आडव्या धाग्यावर असेल, तरच उसवावे. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापून दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद ओढला, की शिलाई कापडाला इजा न होता सुटते. उरेब कडांची शिलाई, म्हणजे त्रिकोणांच्या तिरक्या बाजूची शिलाई, उसवताना हमखास ताणली जाते आणि दुसऱ्यांदा शिवल्यावर पहिल्यापेक्षा वाईट बसते. चार-पाच शिलाया उसवाव्या लागणार असतील, तर त्या वेळेत नवा ब्लॉक शिवून होतो, आणि नव्या ब्लॉकमधून शिकायलाही अधिक मिळते.

दुसऱ्या ढिगातले जे ब्लॉक थोडेसेच तिरके आहेत, त्यांना उसवण्याऐवजी पाण्याने आणि वाफेने सरळ करता येते. एका जाड पुठ्ठ्यावर किंवा पाटावर जुनी चादर ताणून बसवावी, तिच्यावर पेन्सिलने हव्या त्या मापाचा अचूक चौकोन आखावा, ब्लॉकवर पाणी शिंपडून त्याचे चार कोपरे आखलेल्या कोपऱ्यांवर टाचण्यांनी पक्के करावेत आणि मग कडांच्या मध्यावर टाचण्या लावत जावे. वरून इस्त्री दाबावी आणि ब्लॉक पूर्ण थंड व कोरडा होईपर्यंत टाचण्या काढू नयेत. टाचण्यांची डोकी प्लास्टिकची नसावीत, नाहीतर ती वितळतात. एक-दोन सुतांचा तिरकेपणा असा निघून जातो. अर्ध्या इंचाचा तिरकेपणा निघत नाही, आणि ओढूनताणून काढला तरी पहिल्या धुण्यात परत येतो.

दोन ब्लॉक जोडताना एकाची कड दुसऱ्यापेक्षा एखादे सूत लांब भरत असेल, तर लांब कडेचा ब्लॉक खाली, मशीनच्या दात्यांच्या बाजूला ठेवून शिवावे. दाते खालचे कापड किंचित जास्त वेगाने आत ओढतात, त्यामुळे ती वाढीव लांबी चुणी न पडता शिलाईत सामावून जाते. त्याआधी दोन्ही टोके, मध्य आणि मग मधल्या जागा अशा क्रमाने भरपूर टाचण्या लावाव्यात.

मापात चुकलेल्यांना चौकट

पहिल्या ढिगासाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक ब्लॉकभोवती पट्ट्यांची चौकट शिवणे आणि मग सगळे ब्लॉक एकाच मापात कापणे. मला हा उपाय सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात मूळ ब्लॉकचा एक धागाही वाया जात नाही आणि वेगवेगळ्या नमुन्यांचे ब्लॉक एकत्र नांदू शकतात.

समजा, आपल्याजवळचे ब्लॉक पावणेबारा ते साडेबारा इंचांच्या दरम्यान कुठेही आहेत. २ इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंना पट्ट्या शिवून इस्त्री करावी, कडेच्या रेषेत टोके छाटावीत आणि मग उरलेल्या दोन बाजूंना पट्ट्या जोडाव्यात. सर्वांत लहान ब्लॉक आता पावणेपंधरा इंचांचा आणि सर्वांत मोठा साडेपंधरा इंचांचा होईल. सगळे साडेचौदा इंचांवर कापावेत. कापताना मोजमाप कडेवरून न घेता ब्लॉकच्या मध्यबिंदूपासून घ्यावे, म्हणजे चारही दिशांना सव्वासात इंच; असे केले म्हणजे चौकट चारही बाजूंनी सारखी राहते. शिवून झाल्यावर मोठ्या ब्लॉकभोवती १ इंचाची आणि लहान ब्लॉकभोवती १ इंच ३ सुतांची चौकट दिसेल. हा फरक शेजारी शेजारी ठेवून मोजल्याखेरीज सहसा लक्षात येत नाही.

इथे रंगाची निवड फार महत्त्वाची आहे. चौकटीचा रंग ब्लॉकच्या पार्श्वभूमीच्या रंगाशी मिळताजुळता घेतला, तर ब्लॉक कुठे संपतो आणि पट्टी कुठे सुरू होते ते कळत नाही आणि मापातला फरक पूर्ण विरघळून जातो. याउलट पांढऱ्या पार्श्वभूमीच्या ब्लॉकला काळी चौकट दिली, तर प्रत्येक वाकडी कड ठळकपणे उठून दिसते. ब्लॉक निरनिराळ्या रंगांचे असतील आणि त्यांना एका सूत्रात बांधायचे असेल, तर सगळ्यांना एकच मध्यम छटेचा रंग द्यावा. करडा, फिका मातकट किंवा धुतलेल्या मांजरपाटाचा रंग यासाठी चांगला चालतो.

असे ९ ब्लॉक तीन ओळींत जोडले, की ४२ इंचांचा चौरस होतो. बाळाच्या दुपट्याला तो पुरेसा आहे. २४ ब्लॉक जमले, तर ४ गुणिले ६ अशा मांडणीत ५६ बाय ८४ इंचांची, एका माणसाला पुरून उरणारी गोधडी तयार होते.

सगळे ब्लॉक सर्वांत लहान ब्लॉकच्या मापात छाटून टाकणे हा याहून सोपा मार्ग वाटतो, पण तो नमुन्यावर अवलंबून आहे. लॉग केबिनमध्ये बाहेरची पट्टी जराशी अरुंद होते, इतकेच. चांदणीचे किंवा त्रिकोणांचे नमुने मात्र असे छाटू नयेत, कारण त्यांची टोके कडेपासून बरोबर पाव इंचावर असतात आणि छाटल्यावर ती पुढच्या शिलाईत नाहीशी होतात.

कापून नवा नमुना

ज्या ब्लॉकचा मूळ नमुना कशानेच सावरणार नाही, तो धीटपणे कापावा. नाइन पॅचच्या बाबतीत तर यातून मूळपेक्षा देखणा नमुना निघतो. ब्लॉक उभा आणि आडवा बरोबर मध्यावर कापून चार चौकोन करावेत. साडेनऊ इंचांच्या ब्लॉकचे पावणेपाच इंचांचे चार चौकोन होतात. त्यांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन चौकोन अर्धा फेरा फिरवून चारही पुन्हा जोडले, की लहान-मोठ्या चौकोनांची आणि लांबट तुकड्यांची एक नवीनच मांडणी समोर येते आणि ब्लॉक ९ इंचांचा होतो. मुळातले कोपरे जुळले होते की नाही, याचा आता मागमूसही राहत नाही. मूळ ब्लॉक सव्वानऊचा असेल, तर नवा पावणेनऊचा येईल. एका मापाचे सगळे एकत्र कापावेत म्हणजे झाले.

कापण्यापूर्वी एक काळजी मात्र घ्यावी. शिवलेल्या ब्लॉकवर आडवी कात्री किंवा रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा कटर) चालवला, की जुन्या शिलाया कापलेल्या जागी मोकळ्या होतात आणि हाताळताना उसवू लागतात. म्हणून जिथे कापायचे ती रेषा आधी खडूने आखून, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक सूत अंतरावर साधी टीप मारावी आणि मगच कापावे. ही टीप पुढच्या पाव इंचाच्या मायेत झाकली जाते. नव्या ब्लॉकांसाठीही टाक्याची लांबी २ ते अडीच मिलिमीटर ठेवण्याची सवय लावली, तर शिलाया सहसा सुटत नाहीत.

इतर नमुन्यांतून चांगला भाग शोधण्यासाठी कागदाची खिडकी करावी. जाड कागदात साडेचार इंचांचा चौकोन कापून काढावा आणि ती चौकट ब्लॉकवर सरकवत, तिरकी करत, कोणत्या जागी सर्वांत चांगली रचना दिसते ते पाहावे. साडेबारा इंचांच्या फसलेल्या चांदणीतही चार इंचांचा एखादा नीटस भाग सापडतोच. कधी अर्धी चांदणी आणि थोडी पार्श्वभूमी अशी रचना पूर्ण चांदणीपेक्षा अधिक बोलकी दिसते. मात्र खिडकी तिरकी ठेवून कापल्यास चारही कडा उरेब होतात. अशा तुकड्याला कापण्यापूर्वी मागून पातळ कॅनव्हास इस्त्रीने चिकटवावा, म्हणजे तो ताणला जात नाही.

न जुळलेले मध्य झाकणे

तिसऱ्या ढिगातल्या ब्लॉकांकडे प्रथम हातभर अंतरावरून पाहावे. कोपरे एका सुताहून कमी चुकलेले असतील, तर काहीही करू नये. क्विल्ट तयार होऊन एकदा धुतली, की सुती कापड आकसते, टाक्यांभोवती बारीक सुरकुत्या येतात आणि एवढा फरक त्यांत हरवून जातो.

फरक मोठा असेल आणि तो नेमका ब्लॉकच्या मध्यावर असेल, तर वरून एक गोल तुकडा शिवावा. यासाठी २ इंच व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापावी आणि त्याहून अर्धा इंच मोठे, म्हणजे अडीच इंच व्यासाचे गोल कापड घ्यावे. योग्य मापाची वाटी उपडी ठेवून आखले की गोल नीट येतो. कापडाच्या कडेने बारीक धावदोरा घालावा, मध्ये चकती ठेवून दोरा ओढावा, वरून इस्त्री दाबावी, आणि थंड झाल्यावर दोरा किंचित सैल करून चकती काढून घ्यावी. कड आपोआप आत दुमडलेला गुळगुळीत गोल मिळतो. तो ब्लॉकच्या मध्यावर टाचून आडव्या सुईने बारीक टाके घालत शिवावा. इरकली खणाचा तुकडा इथे फार शोभतो. खण चटकन उसवतो म्हणून त्याला माया थोडी जास्त ठेवावी. काही जण मध्यावर मोठे बटण लावतात. भिंतीवर टांगायच्या वस्तूसाठी ते ठीक आहे, पण बाळाच्या दुपट्याला, पाळण्यातल्या उशीला किंवा लहान मूल हाताळील अशा कोणत्याही वस्तूला बटण, मणी वा टिकली लावू नये.

घरात लगेच वापरता येतील अशा वस्तू

एकट्यादुकट्या ब्लॉकसाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे उशीचा अभ्रा, कारण त्यात एकच ब्लॉक लागतो आणि तो कुणाशी जुळवावा लागत नाही. १६ बाय १६ इंचांची चौकोनी उशी बाजारात सहज मिळते, म्हणून तिचे माप धरून सांगतो. ब्लॉकभोवती पट्ट्या जोडून तो साडेसोळा इंचांचा करावा. त्याच्यामागे पातळ कापूस किंवा जुन्या सुती चादरीचा थर आणि त्यामागे मलमलीचा तुकडा ठेवून तिन्ही थर कच्च्या दोऱ्याने बांधून घ्यावेत आणि वरून धावदोरा घालावा. धावदोऱ्याने कापड थोडे आकसते, त्यामुळे ब्लॉकसकट हे थर आधी १७ इंचांचे ठेवून शेवटी साडेसोळावर कापले तर बरे. पाठीसाठी साडेसोळा बाय १२ इंचांचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची एक लांब बाजू अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारावी, म्हणजे तुकडा ११ इंच रुंद उरेल. पुढच्या भागाच्या सुलट बाजूवर हे दोन्ही तुकडे उलटे ठेवले, की मध्ये ते एकमेकांवर साडेपाच इंच चढतात. चारही बाजूंनी पाव इंचावर शिवून, कोपरे छाटून अभ्रा उलटवला की काम झाले. चेन लागत नाही, बटणे लागत नाहीत, आणि उशी साडेपाच इंचांच्या चढावामुळे बाहेर येत नाही.

दुसरा उपयोग गोधडीच्या पाठीचा आहे, आणि तो नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे मिळणारे साधे सुती कापड बहुतेक ४४ इंच पन्ह्याचे असते. काठ काढून टाकल्यावर ते सुमारे ४२ इंच उरते. गोधडी ४८ इंच रुंद असेल, तर पाठीला ते पुरत नाही. अशा वेळी कापड उभे मध्यावर कापून २१ इंचांचे दोन भाग करावेत आणि त्यांच्यामध्ये फसलेल्या ब्लॉकांची एक उभी ओळ बसवावी. साडेबारा इंचांचे ब्लॉक असतील, तर दोन शिलायांची माया जाऊन पाठ साडेत्रेपन्न इंच रुंद होते आणि दोन्ही बाजूंना अडीच इंचांहून जास्त कापड शिल्लक राहते. ब्लॉकांची उंची एकसारखी असण्याची इथे गरज नाही. फक्त सगळे एका रुंदीत छाटावेत आणि ओळीची लांबी भरून काढायला मध्ये साध्या कापडाचे तुकडे घालावेत. जाड शिलाया पुढच्या बाजूच्या जाड शिलायांवर नेमक्या येणार नाहीत, इतके मात्र मांडताना पाहावे, नाहीतर तिथे सुई अडते.

गरम भांडे ठेवण्यासाठी ८ इंचांचा लहान ब्लॉक उत्तम असतो, पण त्यातले सगळे थर सुती असावेत. आत जुन्या टॉवेलचे दोन-तीन थर घालावेत. उशीत भरायचा पॉलिस्टरचा कापूस इथे वापरू नये. तो उष्णतेने वितळतो आणि चटका बसण्याची भीती असते. चकचकीत धातूचा पापुद्रा असलेले अस्तर घातलेली वस्तू मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये.

तीन किंवा पाच ब्लॉक एका ओळीत जोडले, की जेवणाच्या टेबलावरची लांब पट्टी तयार होते, आणि त्यांतले ब्लॉक कोनावर उभे मांडले तर १२ इंचांचा ब्लॉक सुमारे १७ इंच जागा व्यापतो, त्यामुळे कमी ब्लॉकांत जास्त लांबी मिळते. कडेचे त्रिकोण भरण्यासाठी सव्वाअठरा इंचांचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करावेत. अशा रीतीने त्यांची बाहेरची कड सरळ धाग्यावर येते आणि पट्टी वळत नाही. दोन ब्लॉक मागे-पुढे जोडून, अस्तर आणि पट्टे लावून बाजाराची पिशवी होते. शिलाई मशीनवर घालायचे आवरण, सुया ठेवायची घडी, पुस्तकाचे वेष्टन या वस्तूंना फार सांगण्यासारखे काही नाही. मापे वस्तूवरून घ्यावीत आणि गोट लावून कडा बंद कराव्यात.

फारच वाकड्या ब्लॉकांसाठी कावंदीची रीत

चौकट, छाटणी आणि झाकण यांपैकी कशालाच दाद न देणारे ब्लॉक उरतात, त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका जी कावंदी शिवतात, तिची रीत मला सर्वांत योग्य वाटते. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांशी या समाजाचा पूर्वसंबंध आहे, आणि त्यांची कावंदी आपल्या गोधडीची जवळची नातलग शोभावी अशी आहे. तीत आधी ब्लॉक करत नाहीत. तळाला जुनी साडी अंथरून एका कोपऱ्यापासून ठिगळ लावायला सुरुवात करतात, ठिगळाच्या कडा आत दुमडत धावदोऱ्याने ते पक्के करतात आणि कडेकडेने गोल फिरत मध्याकडे सरकतात. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुला' लावतात.

या पद्धतीने फसलेले ब्लॉक वापरायचे असतील, तर ते ४ ते ८ इंचांच्या चौकोनी-लांबट तुकड्यांत कापावेत. माप सारखे असण्याची गरज नाही. जिथे चार शिलाया एकत्र येऊन गाठ झाली आहे ती जागा तुकड्याच्या कडेवर येऊ देऊ नये, कारण ती दुमडताना सहा-आठ थर होतात आणि हातसुई जात नाही. जुन्या सुती साडीचे दोन थर तळाला घ्यावेत, कोपऱ्यापासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक नव्या तुकड्याची कड आधीच्या तुकड्यावर अर्धा इंच चढवावी. धावदोऱ्याच्या ओळी अर्धा-पाऊण इंच अंतरावर ठेवाव्यात. पहिली वस्तू २० बाय २० इंचांची बसायची आसनपट्टी एवढीच करावी. मोठ्या कावंदीला हात सरावलेला लागतो.

मोजून-मापून जोडणे हा क्विल्टचा एकमेव मार्ग नाही, हे अमेरिकेतही ठाऊक आहे. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या गावातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून, आखणी न करता शिवलेली क्विल्ट २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडली गेली आणि २००६ साली त्यांच्यावर अमेरिकी टपाल तिकिटे निघाली. त्या क्विल्टांतल्या पट्ट्या ठिकठिकाणी रुंद-अरुंद होतात आणि चौकोन कलतात. मात्र त्यांची रंगांची समज अतिशय पक्की आहे. नवशिक्यांनी त्यांची छायाचित्रे अवश्य पाहावीत आणि विशेषतः एखादा भडक रंग किती थोड्या जागेत वापरला आहे, याकडे लक्ष द्यावे.

काय वापरू नये आणि उरलेल्याचे काय करावे

चौथ्या ढिगातल्या ब्लॉकांबद्दल कठोर राहावे. रंग सोडणारा एक तुकडा पूर्ण गोधडी पहिल्याच धुण्यात खराब करू शकतो, म्हणून तो तुकडा कापून काढता येत असेल तर काढावा आणि बाकीचा ब्लॉक वापरावा. नसेल तर कधीच धुवावी लागणार नाही अशी, काचेमागे चौकटीत लावायची वस्तू करावी. जुन्या साडीचे विरलेले कापड नखाने ताणून पाहावे. तिथेच फाटले, तर त्यावर आणखी श्रम घालू नयेत. पातळ आणि जाड कापड एकत्र असलेले ब्लॉक मागून मलमल लावून पिशवीच्या अस्तराला चालतात, पांघरुणाला नाही.

दान द्यायचे असल्यास वस्तू पूर्ण शिवून, धुऊन, सुटे दोरे कापून द्यावी. सुटे ब्लॉक देणे म्हणजे आपले काम दुसऱ्यावर टाकणे होय. प्राण्यांच्या निवारागृहात जाड आसनपट्ट्या उपयोगी पडतात, पण आधी तिथे विचारून घ्यावे, आणि आत सुटा कापूस न भरता जुन्या चादरींचे थर घालावेत, कारण प्राणी शिवण फाडून कापूस गिळू शकतात.

इतके करूनही जे उरतील, त्यांची सरावाची पाने करावीत. ब्लॉक, मध्ये कापसाचा थर आणि खाली कोणतेही सुती कापड असे तीन थर कच्च्या दोऱ्याने बांधून मशीनजवळ ठेवावेत. खऱ्या गोधडीवर टीप घालण्याआधी दोऱ्याचा ताण, टाक्याची लांबी आणि सुईचा क्रमांक त्याच्यावर तपासून पाहावा. सुती थरांसाठी साधारणपणे १४ नंबरची सुई योग्य ठरते. ज्या मांडणीत टाके दोन्ही बाजूंनी सारखे आले, ते आकडे त्याच कापडावर पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवावेत. एका पानावर जागा उरली नाही, की त्याच्या चार कडांना टीप मारून दाराशी पायपुसणे म्हणून घालावे आणि मशीनजवळ नवे पान बांधून ठेवावे.